चड्डीतच हार्नेस शिवला तर?

कातळावर चढणाऱ्या माणसाच्या कमरेखाली दोन गोष्टी असतात. एक पँट आणि दुसरा हार्नेस. दोन्ही कापडाचे, दोन्ही शिवलेले, दोन्ही कमरेला आणि मांड्यांना बसणारे. आता कुठल्याही इंजिनिअरच्या डोक्यात पहिला विचार काय येणार? मग दोन वस्तू कशाला, एकच शिवा की!

हा विचार माझ्या डोक्यात शनिवारी सकाळी चहा पिताना आला आणि अर्थातच तो माझ्या आधी कोणाला तरी सुचलेला होता. मामुट ह्या स्विस कंपनीने २०१३ च्या सुमारास 'रिअलायझेशन' नावाची शॉर्ट्स बाजारात आणली. दिसायला साधी क्लाइंबिंगची चड्डी, पण आत हार्नेस कायमचा बसवलेला. चड्डी चढवली की झालं, दोर बांधायला मोकळे. त्याच नावाने त्यांनी बर्फात स्की करणाऱ्यांसाठी लांब पँटही काढली.

गंमत म्हणजे ही कंपनी मुळात कपडेवाली नव्हेच. कास्पर टानर नावाच्या माणसाने १८६२ साली डिंटिकॉन गावात दोर वळायचा धंदा सुरू केला, ती ही कंपनी. म्हणजे दोरापासून चड्डीपर्यंत पोचायला त्यांना दीडशे वर्षं लागली. इतकी का लागली, आणि इतकं करूनही कातळावर आजही जवळजवळ सगळे जण वेगळाच हार्नेस का घालतात, हे शोधण्यात माझा अख्खा वीकेंड गेला. बायकोने भाजी आणायला सांगितली होती ती राहिली ती राहिलीच.

तर सुरुवात दोरापासून.

एकोणिसाव्या शतकात आल्प्स चढणारे इंग्रज साहेब घरून निघताना घालतील तेच कपडे घालून डोंगरावर जात. जाड ट्वीडचा कोट, वेस्टकोट, खिळे मारलेले बूट. हार्नेस वगैरे भानगड नाही. तागाचा किंवा मनिलाचा दोर थेट कमरेभोवती घ्यायचा आणि गाठ मारायची, बस्स. ती गाठ बहुतेक वेळा बोलाइन, म्हणजे खलाशांकडून उसनी घेतलेली. एकाच दोराला पाच-सात जण ओवलेले. एक घसरला तर बाकीचे सावरतील अशी कल्पना. प्रत्यक्षात एक घसरला की बाकीचे त्याच्यामागून जात, हे कळायला फार वाट बघावी लागली नाही.

१४ जुलै १८६५. एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा साथीदार मॅटरहॉर्नच्या शिखरावर पहिल्यांदा पोचले. उतरताना डग्लस हॅडो हा नवखा पोरगा घसरला आणि खालच्या मिशेल क्रो ह्या वाटाड्यावर आदळला. त्यांच्या झटक्याने चार्ल्स हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस ओढले गेले. त्यांच्या वर होता थोरला पीटर टाउगवाल्डर. त्याने कातळाला मिठी मारली, दोर ताणला गेला आणि तुटला. चौघे हजारभर मीटर खाली हिमनदीवर. वरचे तिघे जिवंत. (डग्लसचा देह कधी सापडलाच नाही.) टाउगवाल्डरने मुद्दाम दोर कापला असा आरोप झाला, चौकशी झाली, तो निर्दोष सुटला. पण त्याच्या आणि डग्लसच्या मधे बांधलेला दोर हा त्यांच्याकडच्या तीन प्रकारच्या दोरांपैकी सगळ्यात कच्चा होता, हे व्हिंपरनेच लिहून ठेवलंय. त्या दोराचा तुकडा झेरमॅटच्या संग्रहालयात काचेमागे ठेवलेला आहे.

ह्या अपघाताची चर्चा दीडशे वर्षं 'दोर का तुटला' ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरतेय. मला वाटतं दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. दोर तुटला नसता तर? कमरेला एका पदरी गाठ, आणि दुसऱ्या टोकाला चार माणसांचं वजन...

त्या काळात कपड्यांचा खरा त्रास होता तो बायकांना. ल्यूसी वॉकर १८७१ साली मॅटरहॉर्न चढणारी पहिली स्त्री ठरली, तेही झग्यात! एलिझाबेथ ल ब्लाँ हिच्याबद्दल तर एक किस्सा सांगतात. ती डोंगरात शिरली की वरचा स्कर्ट काढून ठेवायची आणि आतल्या ब्रीचेसवर चढायची. एकदा झिनालरोटहॉर्नवर तो स्कर्ट शिखरावरच राहिला, आणि तसंच गावात जाणं शक्य नव्हतं म्हणून बाई परत वर चढून तो घेऊन आली. हीच पुढे १९०७ साली स्थापन झालेल्या लेडीज अल्पाइन क्लबची पहिली अध्यक्ष.

आणि मग यान इमिंक. मला सगळ्यात आवडलेलं पात्र. डच बाई, १८९० च्या दशकात डोलोमाइट्समधले त्या वेळचे अवघडातले अवघड कातळ चढायची. पुरुषी पँट घालायची. हार्नेससदृश पट्टा अंगावर बांधून चढणारी पहिली ज्ञात व्यक्ती म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. माझा एक आपला तर्क असा, की रोजच्या कपड्यांत चढणं पुरुषांना निभावून नेता येत होतं म्हणून त्यांनी साठ वर्षं काही बदललंच नाही. जिला मुळापासून विचार करणं भाग होतं तिने कपडेही बदलले आणि दोर बांधायची पद्धतही.

पुरुष मात्र कमरेला गाठ मारत राहिले. जॉर्ज मॅलरी १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झाला, तो पंच्याहत्तर वर्षांनी, १ मे १९९९ रोजी कॉनरॅड अँकरला सापडला. अंगावर रेशीम, सुती, लोकर असे एकावर एक थर, वर गॅबर्डिनचं जॅकेट, आणि कॉलरवर शिवलेल्या नावाच्या पट्टीवरून तो मॅलरी असल्याचं कळलं. कमरेभोवती तुटलेला दोर तसाच बांधलेला होता आणि दोराने जिथे झटका दिला तिथे शरीरावर खुणा होत्या. इतक्या वर्षांनंतरही दिसाव्यात अशा.

कमरेच्या दोराचं खरं रूप पडताना दिसत नाही, पडल्यानंतर दिसतं. माणूस लटकला की दोर कमरेवर थांबत नाही. तो वर सरकतो, बरगड्यांखाली रुततो. श्वास बाहेर टाकता येतो पण आत घ्यायला छाती फुगत नाही. पायाखाली काही आधार नसेल तर थोड्याच मिनिटांत शुद्ध हरपते. म्हणजे दोर शाबूत, गाठ शाबूत, आणि माणूस गेलेला!

जुलै १९३६ मध्ये आयगरच्या उत्तर भिंतीवर हे सगळ्या जगाने दुर्बिणीतून पाहिलं. आंद्रेआस हिंटरस्टॉइसर, टोनी कुर्त्स, विली आंगेरेर आणि एडी राइनर. माघारी फिरताना हिमलोट आला. हिंटरस्टॉइसर थेट खाली गेला. आंगेरेर दोरावर लटकून मेला. राइनर दोराने अँकरकडे खेचला गेला आणि गुदमरून गेला. कुर्त्स एकटा रात्रभर दोरावर लटकत राहिला. दुसऱ्या दिवशी सुटकेला आलेले वाटाडे त्याच्या खाली काही मीटरवर पोचले. पण त्यांनी वर पाठवलेले दोन दोर जोडले होते, आणि ती जोडगाठ कॅरॅबिनरमधून पुढे सरकेना. हात गोठलेले. तिथेच, माणसांच्या जवळजवळ हाताच्या अंतरावर, तो गेला.

हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गॅलरीत उभा राहिलो.

तरीसुद्धा हार्नेस लगेच आले नाहीत, कारण आधी दोर सुधारायचा होता. १९३५ साली वॉलेस कॅरदर्सच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं, दुसऱ्या महायुद्धात त्याचे दोर आले, आणि १९५३ साली जर्मनीतल्या एडेलरिडने आत गाभा आणि बाहेर विणलेली साल असा दोर आणला. नायलॉन ताणलं जातं, म्हणून पडण्याचा झटका खातं. तागाच्या दोराच्या जमान्यात 'पुढच्याने पडायचंच नाही' हा नियम होता. नायलॉन आल्यावर लोक पडून वाचायला लागले, आणि वाचायला लागले तेव्हाच 'पडल्यावर लटकायचं कसं' हा प्रश्न उरला. (एक बग सुटला की त्याच्यामागे लपलेला दुसरा दिसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.)

उत्तरं देशोदेशी वेगळी निघाली. आल्प्समध्ये छातीला बांधायचे हार्नेस चालले. त्यात माणूस उलटा होत नाही हे खरं, पण नुसत्या छातीवर लटकलं की काखेतला दाब हात बधिर करतो, आणि मग स्वतःची सुटका करायला हातच उरत नाहीत. १९७२ साली इन्सब्रुकला पर्वतबचाव डॉक्टरांची परिषद भरली, तिथे दोरावर नुसतं लटकून झालेल्या मृत्यूंवर सविस्तर चर्चा झाली. तिकडे अमेरिकेत, योसेमिटीमध्ये, लोकांनी इंचभर रुंदीची नायलॉनची पट्टी कमरेभोवती अनेक वेढे देऊन गुंडाळायला सुरुवात केली. ह्याचं नाव काय ठेवलं असेल? 'स्वामी बेल्ट'! हो, आपलाच स्वामी. इथे समर्थांपासून सगळे स्वामी आपण ऐकलेत, पण कमरेला बांधायचा स्वामी पहिल्यांदाच कळला. दोरापेक्षा पट्टी रुंद, त्यामुळे कमी रुतायची, एवढाच फायदा. लटकलात तर गुदमरायचं होतंच.

खरी उडी मारली ती एका प्लंबरने. डॉन व्हिलन्स, इंग्लंडमधल्या सॅल्फर्डचा, बुटका, तोंडाळ आणि अफाट चढणारा. १९७० साली क्रिस बॉनिंग्टनची मोहीम नेपाळमधल्या अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवर निघाली. अशा भिंतीवर आठवडेच्या आठवडे दोरावर वरखाली करायचं असतं, म्हणजे लटकणं हा अपघात नाही, रोजचं ऑफिस. व्हिलन्सने त्यासाठी बसता येईल असा हार्नेस बेतला. कमरपट्टा, मांड्यांना वेटोळी आणि दोन पायांमधून येणारा पट्टा. वजन आता पोटावर न येता मांड्यांवर आणि बुडावर येऊ लागलं. शिवला ट्रोल ह्या छोट्या कंपनीने. नॉर्वेतल्या ट्रोल वॉलवर १९६५ साली चढाई करणाऱ्या टोनी हॉवर्डचा तिच्यात हात होता, नावही तिथूनच. २७ मे १९७० रोजी व्हिलन्स आणि डूगल हॅस्टन शिखरावर पोचले. परतताना इयन क्लफ बर्फाच्या कोसळण्यात गेला. तिथे कुठल्याच हार्नेसचा उपयोग नव्हता.

व्हिलन्स हार्नेस नंतर हजारोंनी खपला. त्यातल्या मधल्या पट्ट्यावर जोरात पडण्याचा अनुभव पुरुष मंडळींना कसा येत असे ह्यावर ब्रिटिश क्लाइंबर्सनी भरपूर विनोद केलेत, ते इथे नकोत. १९७९ साली ट्रोलनेच 'मार्क फाइव्ह' काढला. कमरपट्टा, दोन मांडीपट्टे, आणि समोर त्यांना जोडणारी शिवलेली कडी, म्हणजे बिले लूप. आज दुकानात मिळणारा हार्नेस हा त्याचाच वंशज. वजन घटलं, बकलं सुधारली, पण आराखडा तोच.

आणि इथे मूळ प्रश्नाकडे येऊ. आराखडा ठरला, कापड चांगलं झालं, मग पँटमध्ये का नाही शिवत?

पहिलं कारण लिन हिल सांगेल. मे १९८९, फ्रान्समधलं ब्यू. लिन हिल म्हणजे त्या काळची जगातली सर्वोत्तम क्लाइंबर्सपैकी एक. तिने दोर हार्नेसमधून ओवला, गाठ मारायच्या आधी लक्ष दुसरीकडे गेलं आणि गाठ तशीच राहिली. वर जॅकेट होतं, त्यामुळे ती अर्धी गाठ ना तिला दिसली ना बिले देणाऱ्याला. सोपा मार्ग होता, वरपर्यंत गेली, खाली यायला मागे टेकली आणि सरळ वीसेक मीटर खाली आली. झाडाच्या फांद्यांनी वाचवलं. चार वर्षांनी हिनेच योसेमिटीतली 'द नोज' ही वाट दोराचा आधार न घेता, म्हणजे फक्त पडल्यास संरक्षण म्हणून दोर ठेवून, पहिल्यांदा चढून दाखवली.

सह्याद्रीत पावसाळी रॅपलिंगला गेला असाल तर आठवून बघा. नीट शिकवणारा इन्स्ट्रक्टर कड्याच्या टोकाला पाठवण्याआधी प्रत्येकाचा विंडचीटर वर उचलतो, बकल खेचून बघतो, गाठीला हात लावतो. आमच्या ग्रुपमधल्या मुली ह्यावर कुरकुरायच्या, मग तो त्यांना एकमेकींचं तपासायला लावायचा. कारण सोपं आहे. हार्नेसचा निम्मा उपयोग तो बाहेरून दिसण्यात आहे. कपड्यात शिरला की दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसेनासा होतो.

दुसरं कारण टॉड स्किनर. २३ ऑक्टोबर २००६, योसेमिटीतला लीनिंग टॉवर. स्किनर अत्यंत अनुभवी. त्याचा हार्नेस जुना झाला होता, बिले लूप एका जागी झिजलेली होती, आणि हे त्याला माहीत होतं. नवीन हार्नेस मागवलेला होता. त्या दिवशी दोरावरून उतरताना ती लूप तुटली.

हार्नेसच्या युरोपीय चाचणीत बसण्याच्या हार्नेसवर १५ किलोन्यूटन ताण देतात, म्हणजे ढोबळमानाने दीड टन वजन टांगल्यासारखं. नवी लूप ह्यातून सहज पार पडते. दोराचे नियम तर असे, की चाचणीतल्या पहिल्या पडण्यात झटका १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. म्हणजे नव्या वस्तूंच्या गणितात भरपूर जागा ठेवलेली आहे. ती जागा खातं कोण? ऊन, घाम, माती, आणि एकाच ठिकाणी रोज होणारं घर्षण. म्हणून हार्नेस चढाईआधी हातात घेऊन, उलटापालटा करून, शिवण न् शिवण बघायचा असतो. तो न वापरताही साधारण दहा वर्षांनी टाकून द्या असं बहुतेक कंपन्या सांगतात.

आता हेच पँटला लावून बघा. पँट आपण दर दोन दिवसांनी धुवायला टाकतो. घरी कोणीतरी ती गरम पाण्यात, डाग निघावा म्हणून ब्लीच घालून धुणार. गुडघ्यावर फाटली की टाकणार, म्हणजे धडधाकट हार्नेसही कचऱ्यात. किंवा उलट, हार्नेस झिजला तरी 'पँट चांगली आहे की' म्हणून वापरत राहणार, आणि हे जास्त भयंकर. थंडी वाजली म्हणून आत एक थर चढवला की मापं बदलणार. आमच्या धंद्यात ह्याला टाइट कपलिंग म्हणतात. दोन वेगवेगळ्या आयुष्यांच्या गोष्टी एकत्र वेल्ड केल्या की दोन्हींपैकी जी आधी बिघडेल ती दुसरीला घेऊन जाते. मॅटरहॉर्नवर एका दोराला ओवलेले सात जण आठवले.

म्हणजे कल्पनाच टाकाऊ? माझंही शनिवारी रात्री असंच मत झालं होतं. पण रविवारी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाबद्दल वाचलं.

२३ जानेवारी २००५, ब्राँक्समधली पूर्व १७८ वी स्ट्रीट. चौथ्या मजल्यावर सहा जवान आगीत अडकले. मागे ज्वाळा, पुढे खिडकी. सहाही जणांनी खिडकीतून उडी टाकली. कर्टिस मायरन आणि जॉन बेलू जागीच गेल्यासारखे गेले, बाकीचे चौघे भयानक जखमी झाले. ह्या दलात पूर्वी जवानांना वैयक्तिक दोर दिले जात, ते २००० साली काढून घेतले होते. त्या दिवशी सहा जणांत मिळून एकच दोर होता, जेफ कूलने स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला. तो आणि जोसेफ डिबर्नार्डो ह्यांनी त्या एका दोरावर उतरायची धडपड केली. दोघंही पडले, पण वाचले. (डिबर्नार्डो २०११ साली वारला.)

त्याच वर्षी ऑक्टोबरपासून दलाने नवी यंत्रणा वाटायला सुरुवात केली. जवानाच्या आगरोधक पँटमध्येच हार्नेस बसवलेला. सोबत पिशवीत दोर, टोकाला खिडकीच्या चौकटीत अडकणारा लोखंडी आकडा, आणि पेट्झल ह्या फ्रेंच कंपनीने ह्या दलाबरोबर बनवलेला उतरण्याचा ब्रेक. पेट्झल मूळची गुहा आणि कातळवाल्यांची, म्हणजे हे ज्ञान डोंगरातूनच शहरात आलं.

इथे वर सांगितलेले सगळे आक्षेप उलटे पडतात. जवान घंटा वाजली की मिनिटभरात पँट चढवतो, तेव्हा वेगळा हार्नेस घालायला वेळ नाही, आणि आगीत शिरल्यावर तर नाहीच. आपण आज लटकणार आहोत हे क्लाइंबरला सकाळीच माहीत असतं, ह्याला शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत माहीत नसतं. ती पँट तो घरी धुवायला नेत नाही. ती दलाची मालमत्ता, तिची तपासणी ठरलेली, टाकून द्यायची तारीख ठरलेली. आणि दोर आधीच हार्नेसला जोडलेला असल्यामुळे गाठ विसरायची सोयच नाही.

स्कीवाल्यांच्या पँटचंही थोडं तसंच. हिमनदीवरून घसरत जाणारा माणूस चढत नसतो, त्याला दोराची गरज पडली तर ती अचानक, बर्फाच्या भेगेत पडल्यावर. तेव्हा हार्नेस अंगावर असला तर वरचे लोक त्याला ओढून काढू शकतात, आणि सॅकमध्ये राहिला असेल तर तो असून नसल्यासारखा.

२०१६ साली न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्या २००५ च्या आगीबद्दल निकाल दिला. दोर काढून घेणाऱ्या शहर प्रशासनावर त्यांनी दोषाचा मोठा वाटा ठेवला, उरलेला इमारतीच्या मालकावर. तोपर्यंत दलातला प्रत्येक आग विझवणारा जवान हार्नेस शिवलेली पँट घालून गाडीत बसत होता.